उतारूंचं गाव

वेंगुर्ल्याची जाहिरात करणारे हल्ली दोन विशेषणं हमखास वापरतात, शांत आणि अनाघ्रात. पहिल्या विशेषणावर माझी आजी चिडली असती आणि दुसऱ्याचा अर्थ समजावून सांगितल्यावर तोंडाला पदर लावून हसली असती. तिच्या गोष्टींतलं वेंगुर्ले शांत कधी नव्हतंच. त्यात बोटीचा भोंगा होता, आंबोली घाट उतरून आलेल्या बैलांच्या घुंगुरमाळा होत्या, बंदरावर हमालांची हमरीतुमरी होती आणि या सगळ्यांवर ताण करणारे मासे विकणाऱ्या गाबीत बायकांचे आवाज होते. आजच्या मे महिन्यात संध्याकाळी बंदरावर पाय ठेवायला जागा नसते, गोळेवाल्यापुढे रांग असते, झुलत्या पुलावर फोटोसाठी ढकलाढकली चालते. ते पाहून जुनी माणसं हळहळतील असं पाहुण्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. आमच्या घरातली म्हातारी माणसं गर्दी पाहून खूश व्हायची. हळहळ त्यांना होती ती मधल्या तीसचाळीस वर्षांची, जेव्हा बंदरावर कोणीच उतरत नव्हतं.

गाव ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बंदराला पाठीशी घालून जांभ्याचा एक डोंगर समुद्रात नाक खुपसून उभा आहे. त्याच्या माथ्यावर दीपगृह. तिथे दिवेलागणीच्या आधी चढून गेलात तर किनाऱ्याचे दोन स्वभाव एकदम दिसतात. दक्षिणेकडे मांडवी खाडीचं मुख, त्यावरचा झुलता पूल, पलीकडे नवाबाग आणि मग उभादांड्याची, सागरेश्वराची पांढरी पुळण, जी नजर पोचेल तिथवर मोचेमाडच्या बाजूला जाते. उत्तरेकडे मात्र तांबडेकाळे कडे. त्यांच्या कुशीत मधूनच एखादी पुळण, दाभोलीची, वायंगणीची. वायंगणीला थंडीत समुद्री कासवं अंडी घालायला येतात. आणखी वर कोंडुरा, खवणे, निवती. वाळूवर पाहुण्यांची वर्दळ, कड्यावर वारा. पाऊस सुरू झाला की कड्याखालच्या पाण्याचा रंग चहासारखा होतो आणि मग दोन्हीकडचं कोणी पाण्याच्या जवळ जात नाही.

आजीच्या गोष्टींची सुरुवात नेहमी वलंदेजांपासून, म्हणजे डचांपासून, व्हायची. बंदराकडे जाताना वाटेत डच वखार लागते. जांभ्याच्या जाड भिंती, छप्पर केव्हाच गेलेलं, भिंतींत मुळं शिरलेली. आजीच्या म्हणण्याप्रमाणे या वखारीतून थेट समुद्रापर्यंत भुयार होतं आणि त्यात सोन्याच्या नाण्यांचे हंडे होते. महाराष्ट्रात भुयार नसलेली जुनी इमारत मला अजून भेटायची आहे, तेव्हा भुयाराचं सोडून देऊ. पण दुसरी एक गोष्ट ती सांगायची, ती सोडून देता येत नाही. सावंतवाडीचे खेम सावंत वलंदेजांच्या मुख्याला भेटायला म्हणून आले, पाहुण्यासारखे आत शिरले आणि आत गेल्यावर पहारेकऱ्यांनाच धरलं. “पावणो म्हणान इलो आनि घरधनी जालो,” असं सांगताना तिला कोणाचा राग येत नसे, उलट थोडं कौतुकच असायचं. मी हे कैक वर्षं लहान मुलांना झोपवायची गोष्ट म्हणून धरून चालले होते. पुढे मुंबई सरकारचं जुनं गॅझेटियर हातात आलं, त्यात १६९६ सालच्या नोंदीत हेच होतं. डच मुख्याच्या भेटीचा बहाणा, पहारा ताब्यात, मग गावाची लूट. आजीने गॅझेटियर कधी पाहिलेलं नव्हतं. तिला ते तिच्या आजीकडून आलं होतं.

डच इथे आले ते मिरीसाठी किंवा सुपारीसाठी एवढंच नव्हे. त्यांचं खरं लक्ष गोव्यावर होतं. सतराव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात डच आरमार दर हंगामात गोव्याच्या मांडवी नदीच्या मुखाशी नाकेबंदी करून उभं राहायचं, म्हणजे पोर्तुगीज जहाजांना बाहेर पडता येऊ नये. पण नाकेबंदी करणाऱ्या जहाजांनाही पाणी, तांदूळ, मांस, लाकूडफाटा लागतो. तो वेंगुर्ल्याहून जायचा. महिनोन्महिने समुद्रावर उभ्या असलेल्या शेकडो खलाशांची पोटं भरणारं गाव म्हणजे काय बाजार असेल याची कल्पना करून पाहा. शांत आणि अनाघ्रात!

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात फार उशिरा आली. गॅझेटियरप्रमाणे १६६० साली इथे शिवाजी महाराजांचं ठाणं बसलं, १६६४ साली गावाने बंड केलं म्हणून ते जाळलं गेलं आणि १६७५ साली मोगलांनी पुन्हा जाळलं. पुढे आंग्र्यांनीही लुटलं. अकरा वर्षांत दोनदा बेचिराख झालेलं गाव, पण या आगींची एकही गोष्ट आमच्या घरात नव्हती. आजीकडे नव्हती, शेजारच्या कोणाकडे नव्हती. लुटीची होती, आगीची नव्हती. लोककथा काय जपते आणि काय टाकून देते याचा हिशेब मला लावता आलेला नाही. एवढंच वाटतं की ज्या गोष्टीत एखादा चतुर माणूस आहे ती टिकते. जळालेल्या घरांत चतुर कोण असणार?

१७७२ साली इंग्रजांनी इथे वखार घातली आणि १८१२ साली सावंतवाडीकरांकडून गाव कायमचं त्यांच्याकडे गेलं. मग वेंगुर्ल्याचा सगळ्यात गजबजलेला काळ सुरू झाला, तो घाटामुळे. बेळगाव, धारवाडकडचा कापूस आंबोली घाटाने खाली यायचा आणि इथून जहाजात चढायचा. बेळगावच्या छावणीत जाणारे गोरे सोल्जर इथेच उतरायचे. आमच्या घराण्यात एका खापरपणजोबांच्या तीन गाड्या होत्या असं सांगतात. वर जाताना मीठ, सुकी मासळी, नारळ. खाली येताना कापूस, कधी गूळ. घाटात वाघ आडवा आला तर बैल आपणहून गोल करून उभे राहायचे, ही त्यांची खास गोष्ट. मला बैलांपेक्षा गाडीवानाच्या कल्पनाशक्तीचं कौतुक आहे, पण आंबोलीच्या रानात तेव्हा वाघ होते, हे खरं.

मग १८८८ साली मार्मागोव्याची रेल्वे सुरू झाली. कापूस आता घाट उतरून बैलगाडीने वेंगुर्ल्याला कशाला येईल? तो सरळ डब्यात बसून मार्मागोव्याला जाऊ लागला. वेंगुर्ल्याच्या व्यापाराचा कणा मोडला तो कुठल्या लढाईत किंवा आगीत नाही. शंभरएक किलोमीटरवर कोणीतरी रूळ टाकले म्हणून मोडला. आमच्या त्या पूर्वजाने दोन गाड्या विकल्या आणि मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. कोकणातल्या बहुतेक घरांची गोष्ट इथून पुढे सारखीच आहे. मुलगा शिकला, मुंबईला गेला, मनीऑर्डरी येऊ लागल्या.

माल गेला, माणसं राहिली. वेंगुर्ले आता उतारूंचं बंदर झालं.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट रत्नागिरी, देवगड, मालवण अशी बंदरं घेत यायची. आजीचे धाकटे भाऊ, आमचे मामाआजोबा, बोट एजंटाच्या पेढीवर कारकून होते. त्यांच्याकडून ऐकलेलं वेंगुर्ले म्हणजे निव्वळ कामाचं वर्णन असायचं आणि म्हणूनच मला ते आजीच्या गोष्टींपेक्षा जास्त आवडायचं. बोट धक्क्याला लागत नसे, तेवढं पाणीच नव्हतं. ती लांब खोल पाण्यात उभी राहून भोंगा द्यायची. मग किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे उतारूंची ने-आण करणाऱ्या होड्या, सुटायचे. पडाव बोटीला भिडवायचा, पण समुद्र काही थांबत नाही. पडाव वर येतो, खाली जातो. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहायचं आणि खलाशी “आता!” म्हणाला की पाय टाकायचा. विचार करत बसलात तर पडाव कमरेइतका खाली गेलेला. लहान मुलांना विचारायची पद्धत नव्हती, त्यांना वरून खाली हातोहात दिलं जायचं. त्यांच्यामागून ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या मोसमात उलट दिशेने करंड्या, कधी एखादी बकरी. मामाआजोबांच्या नोकरीत एकही मूल पाण्यात पडलं नाही. ट्रंका मात्र पडल्या, आणि ट्रंकेत नेमके किती पैसे होते याचे तंटे मिटवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

हे सगळं करणारे खलाशी आजूबाजूच्या गाबीत, भंडारी वस्त्यांतले. त्यांचं नाव कुठल्या गॅझेटियरात नाही. वेंगुर्ल्यावरच्या लेखांत दीपगृहाची उंची सापडते, वखारीचं साल सापडतं, पण हजारो माणसं हाताला धरून बोटीतून उतरवणाऱ्यांपैकी एकाचीही ओळ सापडत नाही. माझ्या मते या गावाचा इतिहास लिहायचा तर तो पडावापासून लिहायला हवा.

ओहोटी असली की पडावही काठापर्यंत येत नसे. मग खलाशी उतारूंना खांद्यावर घेऊन कोरड्या वाळूवर आणून सोडायचे. पुरुष मजेत बसायचे. बायकांची पंचाईत. आजीचं लग्न मुंबईला झालं आणि नवी नवरी म्हणून ती सासरच्या माणसांसोबत वेंगुर्ल्याला बोटीने आली, तेव्हा ओहोटी होती. सोळा वर्षांची मुलगी, अंगावर शालू, वाळूवर अर्धं गाव जमलेलं, आणि खलाशी पाण्यात उभा राहून सांगतोय, “बाय, बस खांद्यार.” आजीच्या हकीकतीप्रमाणे तिने साफ नकार दिला आणि गुडघाभर पाण्यातून ताठ मानेने चालत ती किनाऱ्यावर आली. मामाआजोबांच्या हकीकतीप्रमाणे ती खांद्यावर बसली आणि काठ येईपर्यंत किंचाळत होती. हे त्यांनी काढलं की आजी म्हणायची, “तो तेवा इतकोसो! तेका काय आठवता?” दोघंही गेली, आता निवाडा कोण करणार. मला भावाचं खरं वाटतं, कारण आजी शालू भिजू देणाऱ्यांतली नव्हती.

पण या गमतीला एक दुसरी बाजू होती आणि ती सांगताना मामाआजोबांचा आवाज बदलायचा. नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच वादळात बुडाल्या. स्वदेशीच्या भरात निघालेल्या कंपनीने बोटींना संतांची नावं दिली होती. लोकांना त्यात आपलेपणा वाटायचा आणि थोडा आधारही. तुकारामच बुडाला म्हटल्यावर आधार कशाचा घ्यायचा? आजी तेव्हा नऊदहा वर्षांची. बंदरावर माणसं दिवसच्या दिवस नुसती बसून होती, एवढंच तिला आठवायचं. कोणी रडत नव्हतं, कारण नक्की काय झालंय ते कळलेलं नव्हतं, आणि रडणं म्हणजे आपणच माणूस मेला असं ठरवणं.

१७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिना राहिलेला. आजी ही बोट वेंगुर्ल्याकडे येत होती असंच कायम सांगायची. खरं तर ती मुंबईहून रेवसला निघाली होती, आणि जुलैत इकडच्या दर्यावर बोटी बंदच असतात. पण तिला दुरुस्त करायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. मामाआजोबा मात्र नेमकी गोष्ट सांगायचे. त्या वर्षी पावसाळ्यानंतर बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा लोक पेढीवर येऊन भाड्याच्या आधी बोटीचं नाव विचारत. नाव ऐकून काही जण परत जात आणि कोल्हापूरमार्गे रेल्वे आणि मोटार करत दोन दिवसांनी मुंबईला पोचत. भीतीचा असा हिशेब तिकिटांच्या पुस्तकातच दिसतो.

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला शिरोडं. आजीच्या थोरल्या बहिणीला तिथे दिली होती. शिरोड्याची मिठागरं जुनी, आणि मे १९३० मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा महाराष्ट्रभरातून सत्याग्रही आले. पोलिसांच्या लाठ्या चालल्या. त्या काळात शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर शिक्षक होते. ते १९२० साली तिथे आले आणि १९३८ पर्यंत राहिले. थोरल्या आजीच्या तोंडी खांडेकर म्हणजे मोठे लेखक नव्हते, ‘शाळेतले मास्तर’ होते, आणि त्यांच्यापेक्षा आरवलीच्या वेतोबाला किती केळीचे घड चढले ही बातमी तिला जास्त महत्त्वाची. पण सत्याग्रहाचं मीठ मात्र तिने पुडीत बांधून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. पहिल्याच पावसात त्याचं पाणी झालं. कोकणातल्या जुलैत घरचं मीठही बरणीत ठेवलं तरी पाझरतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तरी ठेवलं. पुडीचा ओला कागद तिने बरीच वर्षं जपला होता असं आजी सांगायची. कागद मी पाहिलेला नाही.

आमच्या घरातली बरीच बाळंतपणं अमेरिकन मिशनच्या सेंट ल्यूक दवाखान्यात झाली. मिशनचे डॉक्टर गोहीन यांचं नाव वेंगुर्ल्याच्या म्हाताऱ्या पिढीत देवमाणूस म्हणून घेतलं जाई. त्यांचा मुलगा रॉबर्ट गोहीन १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, १९५७ ते १९७२, आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत. राजदूत झाल्याची बातमी आली तेव्हा वेंगुर्ल्यात त्याच्याबरोबर गोट्या खेळलेली माणसं अचानक फार वाढली. आमच्याच आळीत चार होती. त्यातल्या एकाचं वय तर त्याच्याहून पंधरा वर्षांनी कमी होतं.

इथल्या मातीत लेखक का उगवतात हा प्रश्न मला पाहुणे विचारतात. मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे. चिं. त्र्यं. खानोलकर याच तालुक्यातले, जयवंत दळवी आरवलीचे. उभादांड्याला आता कवितांचं गाव म्हणून सरकारी ओळखही मिळाली आहे. कारण मला माहीत नाही, पण खानोलकरांच्या बाबतीत अंदाज करता येतो. कोंडुऱ्याला कड्याच्या पायथ्याशी खडकात एक पोकळी आहे. भरतीचं पाणी तिच्यात शिरतं, कोंडतं आणि गरजत बाहेर पडतं. उन्हाळ्याच्या शेवटी हा आवाज वाढला की आजी म्हणायची, “कोंडुरो गाजता, पाऊस येतलो.” शास्त्र असं की पावसाआधी दूर समुद्रात वारे सुटलेले असतात आणि त्यांच्या लाटा आधी काठाला पोचतात. आजीने हे शास्त्र पाठ केलेलं नव्हतं आणि तिचा अंदाज चुकत नसे. खानोलकरांनी याच जागेचं नाव आपल्या कादंबरीला दिलं, श्याम बेनेगलांनी त्यावर १९७८ मध्ये चित्रपट केला. आज तिथे गाडी जाते. पाहुणे कड्याच्या टोकावर उभे राहून फोटो काढतात. गावातली माणसं टोकापासून चार हात मागे उभी असतात, यावरून कोण कुठला ते ओळखावं. जांभा वरून खडक दिसतो, पण पावसाने आतून पोकळ झालेला असतो.

समुद्रात पश्चिमेला खडकाळ बेटं आहेत, त्यांना इथे निवती रॉक म्हणतात. इंग्रजी नकाशांत त्यांना ‘जळकी बेटं’ अशा अर्थाचं नाव आहे. तिथल्या गुहांत पाकोळ्या थुंकीची घरटी बांधतात आणि चोरटे ती घरटी काढून विकत, कारण पूर्वेकडच्या देशांत त्यांचं सूप करतात. हे ऐकून आजीने “शी!” म्हटलं होतं. आता याच बेटांजवळ नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ पाण्याखाली ठेवून ती पर्यटकांना दाखवायचा बेत आहे. बुडालेल्या बोटी पाहायला लोक पैसे देतील, हे मामाआजोबांना कोणत्या तोंडाने सांगावं, कळत नाही.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. वर्षभरात, २६ जानेवारी १९९८ ला, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि वेंगुर्ल्याला तिचंही स्टेशन मिळालं नाही. कुडाळला नाहीतर सावंतवाडी रोडला उतरायचं आणि पुढे मोटारीने यायचं. १८८८ मध्ये एका रेल्वेने माल पळवला होता, या दुसऱ्या रेल्वेने पर्यटकांचा लोंढा आधी मालवण, तारकर्लीकडे नेला. २०२१ साली चिपीचा विमानतळ झाला, तो याच तालुक्यात आहे, आणि गोव्याच्या हद्दीत मोपाही आता हाकेच्या अंतरावर. वेंगुर्ल्याचं नशीब नेहमी असंच कोणीतरी दुसरीकडे आखलेल्या वाटेने ठरलं आहे. गावकऱ्यांनी स्वतः काही केलं नाही असं मात्र नाही. मांडवीच्या खाडीत कांदळवनातून होडी वल्हवत पाहुण्यांना फिरवणारा ‘स्वामिनी’ हा बायकांचा बचतगट इथलाच. फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती केरळ-कर्नाटकापर्यंत ठाऊक आहेत, आणि नीलम-हापूसच्या संकरातून रत्ना आंबा इथेच तयार झाला. पर्यटक सागरेश्वराला येऊन बांगडे खाऊन परत जातात, हे केंद्र त्यांच्या वाटेवर असूनही बघत नाहीत. त्यांचा तोटा.

नवाबागच्या वाळूवर अजून रापण लागते. होडीने अर्धवर्तुळात जाळं टाकून यायचं आणि दोन्ही टोकं काठावरून ओढायची. तीसचाळीस माणसं लागतात. ज्याचा दोरीला हात लागला त्याला वाटा, ही जुनी रीत. आता सुट्टीतले पाहुणेही हौसेने दोरी ओढतात, अर्ध्या वेळ मोबाइलमध्ये बघत, आणि एकदोन बांगडे हातात पडले की लहान मुलांसारखे खूश होतात. तांडेल त्यांना देतोही. मात्र बाहेरच्या पाण्यात यांत्रिक जाळ्यांनी आणि रात्री दिवे लावून होणाऱ्या मासेमारीने काठाकडे येणारा मासा आटला आहे, आणि दुसरीकडे रापण ओढायच्या जागेवर खुर्च्या-छत्र्या येऊ लागल्या आहेत. एका म्हाताऱ्या तांडेलाला मी पर्यटनाबद्दल विचारलं. तो हॉटेलांच्या विरुद्ध नव्हता, त्याचाच नातू एका हॉटेलात आचारी आहे. जाळं झटकत म्हणाला, “तेंका दर्यो बघूक व्हयो. आमकां दर्यो व्हयो.” या एका वाक्यात कोकणच्या पर्यटन धोरणातला सगळा पेच आहे, आणि मंत्रालयातल्या कुठल्याही अहवालापेक्षा मला ते वाक्य जास्त पटतं. रापणीच्या पट्ट्यात खुर्ची टाकू देऊ नये. एवढा साधा नियम करायला कसली अडचण आहे?

मला वेंगुर्ले रिकामं नको आहे. ते रिकामं झालं तेव्हाची दुपार मी लहानपणी पाहिली आहे: बोटी बंद, पेढीला कुलूप, मामाआजोबा ओट्यावर बसून येणाऱ्या एसटीचे उतारू मोजतायत. आता उतारू पुन्हा येऊ लागले आहेत ही चांगली गोष्ट आहे. त्यांना काठावर हाताला धरून उतरवणारी माणसं अजून तीच आहेत, त्याच वस्त्यांतली, फक्त पडावाऐवजी जेट-स्की आणि होडी चालवणारी. त्यांनी ‘इथे पोहू नका’ म्हटलं की पोहू नका. सागरेश्वराची वाळू सपाट दिसते, पाणी तसं नाही, आणि दारू पिऊन तर मुळीच उतरू नका.

वेंगुर्ल्याला गेलात तर बंदरावर जाण्याआधी डच वखारीशी थांबा. आणि तुमच्या घरात बोटीने प्रवास केलेलं कोणी अजून असेल, तर भुयाराची आणि वाघाची गोष्ट नंतर ऐका. पडावात पाय कसा टाकायचा, मूल कोणाच्या हातात द्यायचं, खलाशाला काय द्यायचं, ओहोटीला काय करायचं, हे त्यांना विचारून या सुट्टीत लिहून घ्या. नवी नवरी म्हणून त्या बोटीने उतरलेल्या आता सगळ्याच म्हाताऱ्या झाल्या आहेत.